एका जुन्या छायाचित्राची हकीकत

आमच्या टेबलाच्या खणात एक भिंग आहे. ते आमच्या वडिलांचे. पितळी कड्याचे, मूठ थोडी ढिली झालेली, असे ते भिंग घेऊन आम्ही मधल्या सुटीत काहीतरी न्याहाळीत बसलेले असतो, म्हणून मुले त्यास ‘सरांचा तिसरा डोळा’ म्हणतात, हे आमच्या कानी आलेले आहे. मुलांस वाटते की, हे आम्हांस ठाऊक नाही. असो.

हे काहीतरी म्हणजे बहुधा मुंबई शहराचे एखादे जुने छायाचित्र असते. ते कोठून घेतले, त्यातील रस्ता कोणता, डावीकडील घर आज आहे की गेले, याचा छडा लावणे हा आमचा पुष्कळ वर्षांचा नाद आहे. हा नाद लागला तो गोविंद नारायण माडगावकर यांच्या ‘मुंबईचे वर्णन’ या ग्रंथामुळे. हा ग्रंथ १८६३ साली प्रसिद्ध झाला, आणि त्याचे कर्ते आमच्याप्रमाणेच मिशन शाळेत शिक्षक होते, याचा आम्हांस थोडा अभिमान वाटतो, हे कबूल करण्यास हरकत नाही. कॉलेजात असताना तो ग्रंथ वाचून आम्ही एका रविवारी दुपारी त्यातील ठिकाणे पाहावयास निघालो, आणि संध्याकाळी पाय दुखवून परत आलो. कारण त्या शहरातील अर्धे शहर जागेवर नव्हते.

वाचकांनी एवढेच पाहावे. पश्चिम रेल्वेने रोज लाखो माणसे चर्चगेटला उतरतात. त्यांतील किती जणांच्या मनात येत असेल की, येथे ‘गेट’ कोठे आहे? आमच्या वर्गात एकदा हा प्रश्न आम्ही टाकला, तेव्हा एका मुलाने उत्तर दिले की, ते गेट स्टेशनच्या आत झाकले गेले असेल. वर्ग हसला, पण त्या मुलाने निदान विचार तरी केला, बाकीच्यांनी तोही केला नव्हता. वस्तुतः मुंबईच्या कोटास तीन दरवाजे होते: अपोलो गेट, चर्च गेट व बझार गेट. सेंट थॉमसचे देऊळ १७१८ पासून कोटात आहे, आणि त्याकडे जाणारा दरवाजा तो चर्च गेट. गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत, म्हणजे १८६२ नंतरच्या काही वर्षांत, कोटाच्या भिंती पाडल्या, खंदक बुजविले, आणि चर्च गेट होते तेथे जवळच पुढे फ्लोरा फाउंटन उभे राहिले. दरवाजा गेला, नाव मात्र पश्चिमेकडे चालत जाऊन रेल्वे स्टेशनास चिकटले. माडगावकर आपला ग्रंथ लिहीत होते तेव्हा हा कोट जात होता. म्हणजे त्यांनी एका शहरास निरोप देत देत ते वर्णन केले.

सुदैवाने त्याच सुमारास छायाचित्रणाची कला मुंबईस येऊन रुजली होती. येथील फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली. विल्यम जॉन्सन नावाच्या गृहस्थाने त्या दशकात येथील इमारतींची व लोकांची पुष्कळ चित्रे घेतली. आणि आपल्यापैकी डॉक्टर भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हेही त्या काळी या कलेत नाणावलेले होते. काचेवर ओले रसायन लावावे, ते सुकण्याच्या आत चित्र घ्यावे, व लगेच अंधारात धुवावे, असा तो खटाटोप. एवढ्या श्रमाने टिपलेल्या त्या चित्रांत आज नसलेली मुंबई उभी आहे, आणि ती पाहणाऱ्यास विचारते, ‘ओळखा पाहू आम्हांस!’

ओळखावयाचे कसे? आमची रीत साधी आहे. चित्रात जे हलत नाही ते आधी शोधावे, आणि जे अमुक साली आले व अमुक साली गेले असे निश्चित ठाऊक आहे, ते मागून. राजाबाई मनोरा १८७८ साली पुरा झाला. म्हणून मैदानापलीकडे तो दिसत नसेल, तर चित्र त्याआधीचे. बोरीबंदरच्या मोठ्या स्टेशनाचे काम त्याच साली सुरू होऊन सुमारे दहा वर्षे चालले. अर्धवट घुमट दिसला तर वर्षे हातात आलीच. रस्त्यात ट्रामचे रूळ असून वर तारा नसतील, तर घोड्यांची ट्राम, म्हणजे १८७४ ते १९०७ यांमधील काळ. तारा असतील, तर विजेची ट्राम, जी ३१ मार्च १९६४ पर्यंत धावली. काळ्या घोड्याचा पुतळा १८७९ पासून १९६५ पर्यंत आपल्या चौकात उभा होता. मग त्याची रवानगी भायखळ्याच्या बागेत झाली, आणि २०१७ साली त्या चौकात दुसरा घोडा आला, पण त्यावर स्वार नाही. घोडा आहे पण स्वार नाही असे चित्र कोणी ‘फार जुने’ म्हणून आणले, तर आम्ही त्यास चहा पाजून परत पाठवितो.

रस्त्यांची नावे या कामी फारशी उपयोगी पडत नाहीत. हॉर्नबी रोडचा दादाभाई नौरोजी रस्ता झाला, एस्प्लनेड रोडचा महात्मा गांधी मार्ग झाला, आणि कर्नाक रोड, जो १८३९ ते १८४१ या काळातील गव्हर्नर सर जेम्स रिव्हेट कर्नाक यांच्या नावाने ओळखला जाई, तो आता लोकमान्य टिळक मार्ग आहे. मुलांच्या हातातील फोनला नवी नावे ठाऊक असतात, आजोबांच्या तोंडात जुनी. दोघे एकाच रस्त्यावर उभे राहून एकमेकांस चुकलात म्हणून सांगतात. हे आम्ही प्रत्यक्ष पाहिले आहे.

या कर्नाक रोडशीच आमच्या हकीकतीचा संबंध आहे. ती सांगण्यास आम्हांस संकोच वाटतो; परंतु ज्या वर्गासमोर आम्ही आपली फुशारकी मिरविली, त्याच वर्गाच्या वार्षिकात तिचा शेवटही छापला जावा, हे न्याय्य आहे.

मागील शालेय वर्षाच्या अखेरीस, म्हणजे २०२५ च्या फेब्रुवारीत, इयत्ता सातवीतील एका विद्यार्थ्याने आपल्या आजीस शाळेत आणले. वय अठ्ठ्याऐंशी. राजापूरकडील बोली, पांढरे स्वच्छ पातळ, हातात कापडी पिशवी. पिशवीतून त्यांनी जुन्या पंचांगात जपून ठेवलेले एक छायाचित्र काढले. पोस्टकार्डाएवढे, कडा पिवळ्या पडलेल्या. मूळ चित्र गावी काकांकडे होते, ते वाळवीने खाल्ले. त्याआधी कोणीतरी तालुक्याच्या गावी जाऊन त्याची ही एक प्रत करून घेतली होती, ती एवढी उरली.

“मास्तर,” त्या म्हणाल्या, “हे आमचे मुंबईचे घर. कर्नाक रोडचे. मला ती जागा एकदा बघायची आहे.”

मग त्यांनी थोडक्यात सांगितले ते असे. वडील गोदीत कारकून होते. चित्र १९३८ सालचे. त्या तेव्हा पाळण्यात होत्या, म्हणून चित्रात नाहीत. वडिलांचे बोट धरून उभा आहे तो थोरला भाऊ, नऊ वर्षांचा. पुढे १४ एप्रिल १९४४ चा शुक्रवार उजाडला. त्या दिवशी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजास आग लागली. जहाजात कापसाच्या गासड्या होत्या, सोने होते, आणि सुमारे चौदाशे टन दारूगोळा होता. दुपारी धूर दिसू लागला, तसे लोक काय जळते आहे ते पाहावयास गोदीकडे धावले. आत काय भरले आहे हे त्यांस कोठून ठाऊक असणार? त्यांत हा भाऊही गेला. तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला, आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. आग विझवताना अग्निशामक दलाचे सहासष्ट जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस आजही देशभर पाळला जातो. शहरात शेकडो माणसे गेली, हजारोंची घरे गेली. आजींचे घर पडले नाही, पण भिंती फाटल्या, आणि ते रिकामे करावे लागले. भाऊ परत आला नाही. काही दिवस वाट पाहून वडिलांनी बिऱ्हाड गावी हलविले. आई दोन वर्षांत गेली. आजी पुन्हा मुंबईस आल्या त्या मुलाच्या नोकरीनिमित्त, साठी उलटल्यावर, उपनगरात. आणि त्या जागी त्यांस कोणी नेले नाही, कारण ती जागा कोणास ठाऊक नव्हती.

“दादा दारातून गेला, तो मी पाहिला,” एवढे म्हणून त्या थांबल्या. नंतर चित्रातील दरवाजाकडे बोट नेऊन म्हणाल्या, “आणि ही दारात उभी, ती माझी आई. तिचे दुसरे चित्र नाही.”

आम्ही भिंग काढले.

चित्रात एक रस्ता समोर दूर जात होता. डाव्या हातास लाकडी सज्जांच्या तीन मजली घरांची रांग. तिच्या टोकास, कौलांवर डोके काढून, घड्याळाचा एक उंच मनोरा. तो आम्ही लगेच ओळखला: क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आताची महात्मा जोतिबा फुले मंडई, १८६९ साली बांधून झालेली, मनोरा एकशे अठ्ठावीस फूट उंच. जवळ, डावीकडेच, दोन पायऱ्यांचा एक दरवाजा. पायरीवर बंद गळ्याचा कोट व काळी टोपी घातलेले एक गृहस्थ, त्यांचे बोट धरलेला मुलगा, आणि मागे चौकटीत, निम्मी काळोखात, एक स्त्री. रस्त्याच्या उजव्या अंगाने एक व्हिक्टोरिया आपल्याकडे पाठ करून चालली होती. माणसांच्या सावल्या समोर, मनोऱ्याच्या दिशेस पडल्या होत्या.

मंडई कर्नाक रोडच्या उत्तरेस आहे. मनोरा रस्त्याच्या डाव्या अंगास दिसतो, त्या अर्थी छायाचित्रकाराचे तोंड पूर्वेस; म्हणजे तो मंडईच्या पश्चिमेस, धोबीतलावाच्या बाजूस उभा. घड्याळ अंधुक होते, तरी भिंगातून काटे दिसले: चारला दहा मिनिटे कमी. दुपारी चारच्या सुमारास ऊन पश्चिमेकडून येणार, सावल्या पूर्वेस पडणार. आणि त्या तशाच पडल्या होत्या! गणितात ताळा जमला म्हणजे विद्यार्थ्यास जो आनंद होतो, तो आम्हांस झाला. पाऊण तासात आम्ही आजींस त्यांच्या घराची जागा कागदावर काढून दाखविली.

आता आम्ही काय काय बाजूस सारले, ते सांगतो.

व्हिक्टोरिया रस्त्याच्या उजव्या बाजूने जात होती. आपल्याकडे वाहने डावीकडून जातात. आम्ही मनात म्हटले, गाडीवान कोणा गिऱ्हाइकासाठी पलीकडे वळला असेल. गोदीतील कारकून दुपारी चारच्या आधी कोट घालून आपल्या दारात कसा? आम्ही म्हटले, रविवार असेल. आणि तिसरी गोष्ट ती दारातील स्त्री. भिंगातून तिचा पदर दिसत होता, आणि तो उजव्या खांद्यावर होता. आपल्या मराठी बायका पदर डाव्या खांद्यावर घेतात, आणि गुजराती पद्धतीचे लुगडे नेसणाऱ्या स्त्रियांचा पदर उजव्या खांद्यावर असतो, हे आम्हांस पुस्तकातून ठाऊक होते. त्या भागात गुजराती वस्तीही पुष्कळ. तेव्हा आम्ही, अगदी हळू आवाजात, आणि आपण मोठे कोमल मनाचे आहो अशा समजुतीने, म्हणालो, “आजी, ही आपल्या आई नसाव्यात. ही कोणी शेजारीण दिसते. हा पदर पाहा.”

आजींनी भिंगातून पाहिले. फार वेळ पाहिले. त्यांस आईचा चेहरा आठवत होता की केवळ आई म्हणून हे चित्र आठवत होते, हे त्यांचे त्यांनाच सांगता आले नसते. सात-आठ वर्षांच्या वयात गेलेली आई ती. “असेल,” त्या म्हणाल्या. “तुम्ही शिकलेली माणसे.”

पुढल्या शनिवारी आम्ही त्यांस व नातवास घेऊन त्या जागी गेलो. मंडईच्या पश्चिमेस रस्त्याच्या उत्तर अंगास जुनी घरे अजून आहेत, काही नवी आहेत. आम्ही मनोऱ्याकडे पाहत पुढेमागे सरकत एका दुकानाजवळ थांबलो आणि ‘येथे’ म्हणून पाय ठेवला. आजींनी चोहोंकडे पाहिले. मग त्या म्हणाल्या,

“मास्तर, येथून आगगाड्या कोठे दिसायच्या?”

“आगगाड्या?”

“आम्ही सज्जातून आगगाड्या बघत असू. दादा इंजिने मोजायचा. धूर घरात यायचा म्हणून आई ओरडायची.”

तेथून आगगाड्या दिसणे शक्य नव्हते. आम्ही समजावून सांगितले की, बोरीबंदर फार दूर नाही, शिटी ऐकू येत असेल. लहानपणी ऐकलेले पुढे पाहिलेले वाटू लागते. असे पुष्कळ वेळा होते. त्या ऐकत होत्या. गर्दीतले एक-दोन लोक थांबून पाहू लागले, तेव्हा त्यांनी पिशवीतून अबोलीचा एक लहान गजरा काढून दुकानाच्या ओट्याच्या कोपऱ्यावर ठेवला, आणि आपण निघू म्हणाल्या.

आम्ही मात्र मोठ्या समाधानात घरी आलो. एवढेच नव्हे, तर त्या चित्राची मोठी प्रत काढून ती वर्गात लावली, आणि नववीच्या मुलांपुढे मनोरा, सावल्या व घड्याळ यांवरून स्थळनिश्चिती कशी करावी यावर एक पाठ दिला. पाठ चांगला झाला, असे आम्हांस वाटले.

चित्र भिंतीवर राहिले. परीक्षा झाल्या, सुटी गेली, जूनमध्ये शाळा पुन्हा भरली, आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात एक विद्यार्थिनी मधल्या सुटीत आमच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. शाळेच्या नाटकात तिला जिजाबाईंचे काम होते, आणि त्यासाठी आजीकडून नऊवारी नेसावयास ती शिकत होती.

“सर, त्या चित्रातल्या बाईंचा पदर चुकला आहे.”

“चुकलेला नाही,” आम्ही म्हणालो. “तो गुजराती पदर आहे.”

“नाही सर. गुजराती पदर मागून उजव्या खांद्यावर येतो आणि पुढे पसरतो. ह्यांचा पुढून वर जाऊन मागे गेला आहे. हा आपलाच पदर आहे, पण खांदा दुसरा आहे.” आणि थोडे थांबून, “आरशात दिसतो तसा.”

आरशात! आम्ही उठलो, भिंतीवरून ते चित्र काढले, आणि खिडकीच्या काचेवर उलटे धरून पाठीकडून पाहिले.

पदर डाव्या खांद्यावर गेला. व्हिक्टोरिया रस्त्याच्या डाव्या बाजूस आली. गृहस्थांच्या कोटाच्या गुंड्या, ज्यांकडे आम्ही लक्षच दिले नव्हते, त्या पुरुषांच्या कोटास जशा असाव्यात तशा आल्या. घड्याळात आठ वाजून दहा मिनिटे झाली, आणि गोदीचा कारकून कामावर निघाला. तालुक्याच्या गावी ज्याने प्रत केली, त्याच्या हातून निगेटिव्ह उलटी पडली होती, एवढीच गोष्ट. काचेच्या जाड निगेटिव्हवरून असे उलटे छापले तर चित्र थोडे फिके व अस्पष्ट उमटते आणि लक्षात येते. फिल्म पातळ असल्यामुळे काही कळत नाही. हे आम्हांस ठाऊक नव्हते असे नाही. आम्ही मुलांस हेच शिकवीत आलो होतो.

आणि सावल्या? आठ वाजून दहा मिनिटांनी सूर्य पूर्वेस असतो. छायाचित्रकाराचे तोंड पश्चिमेकडे असेल, तर सूर्य त्याच्या पाठीशी, आणि सावल्या समोर. म्हणजे चित्र सुलटे धरा की उलटे धरा, सावल्यांचा ताळा जमतच होता! ज्या एका पुराव्यावर आम्ही सर्वांत अधिक भिस्त ठेविली, त्याने काहीच सिद्ध होत नव्हते. मनोरा आता रस्त्याच्या उजव्या अंगास आला होता; याचा अर्थ घर मंडईच्या पूर्वेस, मांडवीच्या बाजूस, रेल्वेच्या रुळांवरून जाणाऱ्या कर्नाक पुलाच्या अलीकडे. तेथील सज्जातून आगगाड्या दिसणार नाहीत तर काय दिसणार?

विद्यार्थिनी अजून उभी होती. आम्ही तिला शाबासकी दिली की नाही, हे आम्हांस खरोखर आठवत नाही. दिली नसल्यास ती येथे देतो.

आता आजींस सांगणे प्राप्त होते. परंतु आम्ही त्याच दिवशी गेलो नाही, दुसऱ्याही दिवशी गेलो नाही. चाचणी परीक्षेचे कागद तपासावयाचे आहेत, पाऊस फार आहे, अशी कारणे आम्ही स्वतःस देत राहिलो. पंधरा दिवस गेले. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बाईंच्या बाबतीत पंधरा दिवस ही काही लहान मुदत नव्हे, हे आमच्या पत्नीने आम्हांस ज्या शब्दांत सुनावले, ते शब्द येथे लिहीत नाही. त्याच संध्याकाळी आम्ही सुलट्या बाजूने छापलेली नवी प्रत घेऊन त्यांच्या घरी गेलो.

खोली लहान, भिंतीवर देवांचा फळा. चहा झाला. बोलता बोलता सूनबाईंनी सांगितले की, एप्रिलच्या चौदा तारखेस सासूबाई पुन्हा त्या दुकानापाशी जाऊन आल्या, उन्हातून. आणि आम्ही विचारण्याच्या आधीच त्या फळ्याकडे आमचे लक्ष गेले. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकोनी जागा मोकळी होती, भोवतालच्या रंगापेक्षा थोडी उजळ.

“तेथे ते चित्र असायचे,” सूनबाई म्हणाल्या. “फेब्रुवारीत त्यांनीच काढून ठेवले. म्हणाल्या, शेजारणीस रोज फूल कशाला वाहायचे.”

आम्ही जमिनीकडे पाहत सर्व हकीकत सांगितली. मधे कोणी बोलले नाही. सांगून झाल्यावर नवी प्रत त्यांच्या हातात दिली व पदर दाखविला. या वेळी त्यांनी भिंग मागितले नाही.

“मग आगगाड्या होत्या,” त्या म्हणाल्या.

“होत्या, आजी.”

“आणि ही आईच.”

“आईच.”

त्यांनी चित्र मांडीवर ठेविले आणि पदराने त्याची काच पुसावी तसे ते पुसले. वस्तुतः त्यास अजून काच बसविलेली नव्हती. त्या आमच्यावर रागावतील अशी आमची अपेक्षा होती, आणि रागावल्या असत्या तर बरे वाटले असते. त्यांनी फक्त विचारले, “पदराचे कोणाच्या लक्षात आले म्हणालात?” आम्ही सांगितले. “तिला घेऊन या एकदा,” त्या म्हणाल्या. “नऊवारी नेसवायला मी शिकवीन. आजकालच्या आज्यांना कासोटा नीट येत नाही.”

ऑगस्टमध्ये, पाऊस उघडला असा एक रविवार पाहून, आम्ही सर्व जण पूर्वेच्या बाजूस गेलो: आजी, नातू, सूनबाई, ती विद्यार्थिनी आणि आम्ही. १८६८ सालचा जुना कर्नाक पूल २०२२ मध्ये उतरविण्यात आला, आणि तेथे बांधलेला नवा पूल त्याच जुलैत वाहतुकीस खुला झाला होता; म्हणून रस्त्याची चढण, कठडे, सर्व नवे. घराचा मागमूस नाही. त्या रांगेत आता गोदामे, दुकाने, आणि वर लोंबणाऱ्या तारांचे जाळे. मनोरा पाहावा तर मधे एका इमारतीवरील पाण्याच्या टाक्या येतात. तरी आम्ही नवी प्रत हातात धरून, मनोऱ्याचे टोक चित्रात जेवढे उंच दिसते तेवढे दिसेपर्यंत, एकेक पाऊल मागे घेत गेलो. मनोरा जवळून मोठा दिसतो, दुरून लहान. चित्रातील त्याची उंची व शेजारच्या रस्त्याची रुंदी यांचे प्रमाण जेथे जुळते, तेथे छायाचित्रकार उभा होता, असे समजावे. या वेळी आम्ही ‘येथे’ म्हणून पाय ठेविला नाही. आम्ही म्हणालो, “आजी, साधारण या दहा-बारा पावलांत.”

त्या त्या दहा-बारा पावलांत एकट्याच चालल्या. एका बंद गाळ्याच्या दारापुढे दगडाच्या दोन पायऱ्या होत्या. त्या जुन्या असतील किंवा नसतीलही. याविषयी आम्ही मत दिले नाही, आणि त्यांनी विचारलेही नाही. त्या पायऱ्यांशी त्या उभ्या राहिल्या. पुलाखालून एक लोकल भोंगा देत गेली. नातवाने “आजी, गाडी!” म्हणून ओरडून सांगितले, पण त्यांची मान त्याआधीच तिकडे वळली होती.

मग त्यांनी उजवा हात उचलून पुलाकडे, गोदीच्या दिशेस, केला आणि त्या विद्यार्थिनीस म्हणाल्या, “दादा असा गेला. त्या बाजूने. टोपी घातली नव्हती म्हणून आईने हाक मारली, पण तो थांबला नाही.”